ट्रकची बॅटरी कां उतरते ?



आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार, ही म्हण मालवाहू ट्रकच्या बॅटरीस तंतोतंत लागू पडते. सकाळीं किल्ली फिरवावी, सेल्फनें नुसतें 'टक्' करावें आणि इंजिन ढिम्म राहावें. मग ड्रायव्हर बाजारांतून नवी बॅटरी आणतो. चार दिवसांनीं तीहि उतरते. पोहरा बदलला, परंतु आड कोरडा आहे हें कोणीं पाहिलेंच नाहीं. बॅटऱ्यांची किंमत लहान ट्रकमालकास जड जाते. म्हणून दोष शोधण्याचा क्रम प्रत्येक ड्रायव्हरनें समजून घेणें अगत्याचें आहे.

मोठ्या डिझेल ट्रकमध्यें बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीस एक जोडून २४ व्होल्टचा दाब मिळवितात. शिशाचे पत्रे व गंधकाम्ल यांची ही बॅटरी प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं प्रथम सिद्ध केली. ती वीज केवळ सांठविते. उत्पन्न करणारें यंत्र अल्टरनेटर होय. फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेल्या तत्त्वावर तें चालतें. इंजिनाच्या पट्ट्यानें आंतील विद्युच्चुंबक फिरतो, भोंवतालच्या वेटोळ्यांत उलटसुलट वाहणारा प्रवाह निर्माण होतो, डायोड त्यास एका दिशेस लावितात आणि रेग्युलेटर त्याचा दाब मर्यादेंत ठेवितो.

डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाहीं. जुन्या पद्धतीचें इंजिन एकदां सुरू झालें कीं बहुतेक विजेवांचून चालतें. त्यामुळें अल्टरनेटर सकाळींच बंद पडला तरी दिवसभर पत्ता लागत नाहीं. नाशिकहून कांदा भरून मुंबईकडे निघालेली गाडी रात्रीं कसारा घाटांत उतरूं लागते, तेव्हां पुढचे दिवे पिवळे पडतात आणि मागचा तांबडा दिवा मागून येणाऱ्यास दिसेनासा होतो. तेथें प्रश्न पैशाचा उरत नाहीं, प्राणाचा होतो. नव्या, संगणकानें नियंत्रित होणाऱ्या इंजिनांत तर विजेचा दाब फार उतरल्यास इंजिनच थांबतें.

यासाठीं पहिली साक्ष घ्यावी ती चार्जिंगच्या तांबड्या दिव्याची. किल्ली फिरवितांच तो लागावा आणि इंजिन सुरू होतांच विझावा. चालत्या इंजिनावर तो जळत राहिला तर बॅटरीस भरणा होत नाहीं असें समजावें. परंतु तो मुळींच लागला नाहीं, तर निश्चिंत राहूं नये. कित्येक अल्टरनेटरांत आरंभींचा प्रवाह याच दिव्यांतून जातो, आणि दिवा गेलेला असला तर अल्टरनेटर जागाच होत नाहीं. अल्टरनेटरांतील कार्बन झिजले असतांहि असेंच घडतें.

त्यानंतर इंजिन बंद करून पट्टा पाहावा. तो सैल, चिरलेला किंवा कांचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर घसरतो; दिवे लावतांच होणारी किंचाळी हें त्याचेंच लक्षण. मग बॅटरीचीं टर्मिनलें पाहावीं. त्यांवर पांढरा-हिरवा थर चढला असेल तर अर्थिंगची तार आधीं सोडून तीं कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा घालून धुवावीं, कोरडीं करून घट्ट आवळावीं. अर्थिंगची तार शेवटीं जोडावी. पुष्कळ 'बिघडलेले' अल्टरनेटर एवढ्यानेंच बरे होतात.

एवढ्यानें भागलें नाहीं तर मीटर लावावा. रात्रभर विश्रांति मिळालेल्या दोन्ही भरल्या बॅटऱ्यांचा मिळून दाब २५.२ व्होल्टांच्या पुढें असतो. तो २४ वर आला तर सांठा बराच संपला. इंजिन चालू असतां तो साधारण २७.५ ते २८.५ पर्यंत चढला पाहिजे. चढलाच नाहीं, तर हीच मोजणी अल्टरनेटरच्या मुख्य टोंकाशीं करावी. तेथें २८ आणि बॅटरीवर २६ असेल तर अल्टरनेटर निर्दोष. वीज वाटेंतच, तारेंत किंवा अर्थिंगमध्यें, गळते. दोन्हीकडे उणें असेल, तरच अल्टरनेटर कारागिराकडे द्यावा. उलट दाब ३० च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला. मग बॅटरीचें पाणी उकळून आटतें आणि दिवे वारंवार जातात.

अल्टरनेटर उत्तम असूनहि बॅटरी उतरते, याचें एक कारण ड्रायव्हरच्याच हातचें असतें. गाण्याच्या यंत्रासाठीं वा पंख्यासाठीं दोहोंपैकीं एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची तार घेतात. ती बॅटरी सदा उपाशी राहते आणि दुसरीस अजीर्ण होतें; लवकरच दोन्ही निकामी होतात. त्यासाठीं २४ चे १२ करणारें उपकरण मिळतें, तें लावावें. तसेंच एक जुनी व एक नवी बॅटरी अशी जोडी कधीं जुळवूं नये.

शेवटीं दोन इशारे. इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढून पाहण्याची रीत कांहीं ठिकाणीं रूढ आहे. तिनें दाब एकाएकीं उसळून डायोड जळतात, ती सोडावी. आणि भरणा होत असतां बॅटरींतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायु निघतो. तेथें विडी वा काडी पेटवूं नये, पान्याची ठिणगी पडूं देऊं नये.

या तपासणीस बहुधा अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाहीं. माल भरला जात असतांनाच ती उरकावी. घाटांतल्या अंधारांत ती करण्यास सवड मिळत नाहीं.