विडा रंगला का?



मला सात मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'रंग'. लेकीचं लग्न सात मिनिटांत उरका म्हणण्यातलाच हा प्रकार! तेव्हा आधीच सांगून ठेवते, इंद्रधनुष्य, न्यूटनचा लोलक, रंगपंचमी यांतलं मी काही बोलणार नाही. ते तुम्हाला पाठ आहे.

गेल्या महिन्यात घराला रंग काढायचा म्हणून दुकानात गेले. काउंटरवरचा मुलगा मोठा अदबशीर. "काकू, कोणता कलर?" म्हटलं, "दारांना तपकिरी." तो गोंधळला. नाकात ओढायची तपकीर त्याने कधी पाहिलीच नसणार, त्याचा काय दोष! शेवटी त्याने शेडकार्ड पुढे केलं, मी एका आकड्यावर बोट ठेवलं, यंत्राने डब्यात चार थेंब सोडले, डबा गदागदा हलवला आणि दोन मिनिटांत कलर तयार.

माझं भांडण इंग्रजी शब्दाशी नाही. टेबल, पेन, बस हे शब्द मीही दिवसभर वापरते. पण 'कलर' हा डब्यातला माल आहे. झाकण उघडायचं, भिंतीला फासायचा. आपला 'रंग' डब्यात मावत नाही. तो चढतो, भरतो, खुलतो, उतरतो, उडतो. रंग लावण्यापेक्षा मराठी माणसाला रंगण्याचं कौतुक जास्त. हे 'रंगणं' जरा कानात ठेवा, मी पुन्हा त्यावर येणार आहे.

माझी आजी जेवण झालं की चंची सोडायची. हिरवं पान मांडीवरच्या लुगड्याला पुसायचं, देठ खुडायचा, पाठीवरच्या शिरा नखाने काढायच्या. मग बोटाच्या टोकाने चुना, पांढराशुभ्र. वर काताचा तुकडा, मातकट. अडकित्त्याने कातरलेली सुपारी. आम्ही पोरं समोर बसून बघायचो. हिरवं, पांढरं, मातकट. यात लाल कुठे आहे? कुठेच नाही. आणि पाच मिनिटांनी आजी जीभ बाहेर काढून विचारायची, "बघ गं, रंगला का विडा?" जीभ लालभडक!

शास्त्र साधं आहे. कातातली आणि सुपारीतली तुरट द्रव्यं चुन्याला भेटली की लाल होतात. हळदीला चुना लागला तरी तेच होतं, म्हणून तर हळदीचं कुंकू होतं. पण मला त्यातला मुद्दा हवाय. लाल रंग कोणी आणून टाकला नाही. तो चावता चावता, वेळ गेल्यावर, एकमेकांत मुरल्यावर आला.

आता मैफल घ्या. गवई एक पान, तबलजी चुना, पेटीवाला कात, आणि श्रोते म्हणजे सुपारी, कारण तेच सगळ्यांत कडक असतात. यांतल्या एकाच्याही खिशात रंग नसतो. तासाभराने आपण म्हणतो, मैफल रंगली. चुना जास्त झाला की तोंड भाजतं, तबला जास्त झाला की गाणं भाजतं. कात कमी पडला तर विडा फिका. पहिली रांग मोबाइलमध्ये डोकं घालून बसली तर सुपारीच नाही, मग गवई बिचारा नुसतं पान चघळतो. याला म्हणतात रंगाचा बेरंग. उपमा ताणली गेली, कळतंय मला. पण गप्पा रंगतात, कबड्डीचा सामना रंगतो, मेंदी रात्रभर ठेवली की रंगते. तिथे 'कलर' घालून बघा. "मेंदी कलरली" म्हणाल? जीभच वळत नाही.

मुळात संस्कृत धातू आहे 'रञ्ज्', म्हणजे रंगणं, रंगवणं. त्याच्या घरात कोण कोण आहे बघा. रक्त, म्हणजे रंगलेलं. राग, गाण्यातला. अनुराग म्हणजे कुणाच्या रंगात रंगणं. रंजन, मनोरंजन तर उघडच आहे. आणि वैराग्य म्हणजे रंग उतरणं! आपण मराठी माणसांनी त्यातला 'राग' उचलला आणि संतापाला देऊन टाकला. चेहरा लाल होतो म्हणून असेल, पण या देवघेवीत आपण तोट्यात राहिलो असं माझं मत आहे.

वामन शिवराम आपट्यांचा 1890 चा संस्कृत कोश उघडलात तर 'रङ्ग' शब्दाखाली रंगमंच सापडेल, प्रेक्षक सापडतील, आणि नपुंसकलिंगी केला तर चक्क कथील. हिंदीत कथलाला रांगा म्हणतातच. ते कथील सोडा, रंगमंच धरा. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं ते रंगभूमीवर. 'रंगीत तालीम' म्हणतो तिथे रंगाची बादली कुठे असते? कीर्तनात आधी पूर्वरंग, मग बुवांना हार-बुक्का, मग उत्तररंग. पुन्हा तेच, ऐकता ऐकता चढणारा रंग.

स्टुडिओच्या काचेपलीकडून दोन बोटं दिसतायत. दोन मिनिटं.

एक गंमत सांगते, माझी स्वतःची आहे, कोशात मिळायची नाही. मराठीत रंग एकवचनात असला की शुभ असतो. रंग आला, रंग भरला, स्वारी रंगात आली. अनेकवचन झालं की भानगड. "चिरंजीवांचे रंग काही ठीक दिसत नाहीत." "त्याने आपले रंग दाखवले." सरडाही बदलतो ते रंग, अनेकवचनी. आता 'रंग उडाला' एकवचनी आहे, पण तिथे तो निघून चाललाय, म्हणून वाईट. थोबाड रंगवणं कुठे बसवायचं ते मात्र मला अजून जमलेलं नाही. मारणाऱ्याला शुभ असेल.

आता पुन्हा त्या 'रंगण्या'कडे येते. आईबाबांनो, तुम्हाला जरा रागावते. मूल स्नेहसंमेलनाहून आलं की "कसं झालं?" "छान" इथे थांबू नका. "रंगलं का?" विचारा. मग त्याला आठवावं लागतं, कधी रंगलं, कुणामुळे रंगलं, कुठे कंटाळा आला. "छान"मध्ये काहीच आठवावं लागत नाही.

पांडुरंगाबद्दल बोलायचं होतं. पांडुर म्हणजे पांढुरका, आणि विठोबा तर सावळा, मग हे नाव... नाही, एका मिनिटात पंढरपूर होत नाही. आमसुली, अंजिरी, चिंतामणी, गुलबक्षी ही लुगड्यांच्या रंगांची नावंही चिठ्ठीवर लिहून आणली होती, ती तशीच राहिली. आणि पत्त्यांतला रंग! बदामाचा रंग काढला आणि हातात बदाम नसला तर... अंगठा दिसला, संपली वेळ.