कोरियांतील बॅडमिंटनपटु स्त्रिया

इ. स. २०२३ च्या ऑक्टोबरांतील गोष्ट. चीनमधील हांगजौ येथें आशियाई क्रीडास्पर्धांतील स्त्रियांच्या एकेरीचा अंतिम सामना चालला होता. एका बाजूस चीनची चेन युफेई, दुसऱ्या बाजूस कोरियाची एकवीस वर्षांची आन से-यंग. पहिल्याच डावांत आनचा उजवा गुडघा दुखावला. प्रेक्षकांत बसलेली तिची आई, सामना सोडून दे, म्हणून ओरडूं लागली. मुलीनें तें मानलें नाहीं. गुडघ्याला पट्टी बांधून ती लंगडत खेळली आणि २१-१८, १७-२१, २१-८ अशी जिंकली. तिच्या जिद्दीचें कौतुक झालें, तें योग्यच होतें. पण त्या गुडघ्याचें पुढें काय झालें, हें पाहिल्यावांचून कोरियन स्त्री-खेळाडूंच्या आयुष्यक्रमाची खरी कल्पना येणार नाहीं.

एके काळीं इंग्रज अंमलदारांच्या तोंडीं ‘पूना’ या नांवानें वावरणारा हा खेळ कोरियाच्या मुलींनीं फार लवकर आपलासा केला. १९८१ सालीं ह्वांग सन-ए हिनें ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. १९९२ सालीं बॅडमिंटनला ऑलिंपिकमध्यें पदकांचें स्थान मिळालें, आणि बार्सिलोनाच्या त्या पहिल्याच वर्षीं ह्वांग हे-यंग व चंग सो-यंग यांनीं दुहेरीचें सुवर्णपदक नेलें. एकेरींत बांग सू-ह्यून मात्र इंडोनेशियाच्या सुसी सुसांतीकडून अंतिम सामन्यांत हरली. चार वर्षें तिनें तें शल्य उराशीं बाळगलें. १९९६ सालीं अॅटलांटा येथें उपान्त्य सामन्यांत सुसीलाच हरवून तिनें जुना हिशेब चुकता केला व अंतिम सामन्यांत सोळा वर्षांच्या मिया औदिनावर ११-६, ११-७ असा विजय मिळविला. तेव्हां बांगला चोविसावें वर्ष चालू होतें. त्यानंतर लवकरच तिनें रॅकेट खालीं ठेवली. ज्या वयांत पदवी घेऊन इतर मुली आयुष्याला आरंभ करतात, त्या वयांत एक कारकीर्द संपली!

इतकी घाई कां? तेथील व्यवस्थाच कोंवळ्या वयावर उभी आहे. शाळेंत असतांनाच मुलगी हेरली जाते. शाळा सुटतांच एखादी कंपनी किंवा सार्वजनिक संस्था तिला आपल्या संघांत वेतनावर घेते, आणि निवडक मुली राष्ट्रीय संघाच्या शिबिरांत राहावयास जातात. आन तर पंधराव्या वर्षींच, निवडसामन्यांत वयानें मोठ्या मुलींना हरवून, राष्ट्रीय संघांत आली. या व्यवस्थेनें पदकें दिलीं, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण २०२४ सालीं जे नियम चव्हाट्यावर आले ते पाहावे. शाळेंतून थेट आलेल्या खेळाडूचा संघाशीं करार तेव्हां सात वर्षांचा असे. पहिल्या वर्षाचें वेतन ५ कोटी वॉनहून, म्हणजे सुमारें ३० लाख रुपयांहून, अधिक नसे, मग हातांत कला कितीही असो. राष्ट्रीय संघांत असेतों रॅकेट व बूट संघटनेच्या पुरस्कर्त्यांचेच वापरावे लागत. आणि राष्ट्रीय संघाबाहेर पडून स्वतंत्रपणें परदेशच्या स्पर्धांत उतरावयाचें तर स्त्रीचें वय २७ वर्षें असावें लागे. बांग सू-ह्यूनची कारकीर्द या वयापर्यंत पोंचलीही नव्हती.

हांगजौनंतर आनच्या गुडघ्याचें पहिलें निदान बरोबर नव्हतें, असें तिनें पुढें सांगितलें. दुखरा गुडघा घेऊनच ती खेळत राहिली. २०२४ च्या ऑगस्टच्या ५ तारखेस पॅरिसमध्यें तिनें चीनच्या हे बिंगजियाओ हिला २१-१३, २१-१६ असें हरविलें. बांगनंतर २८ वर्षांनीं कोरियाला एकेरीचें सुवर्ण मिळालें. आणि त्याच दिवशीं तिनें वार्ताहरांना सांगितलें कीं, आपली दुखापत वाटली त्याहून गंभीर होती व राष्ट्रीय संघानें ती फारच हलकी मानली. वडीलधाऱ्यांविषयीं भर आनंदाच्या दिवशीं असें बोलणें पुष्कळांना रुचलें नाहीं. परंतु तिला दुसरी वेळ कोणती होती? हरलेल्या मुलीचें गाऱ्हाणें ऐकतो कोण? जिंकलेलीचें मात्र ऐकावें लागलें. सरकारच्या क्रीडाखात्यानें संघटनेच्या कारभाराची चौकशी केली, तीमुळेंच वरील नियमांचा बोभाटा झाला.

या खेळाचा वारसा तेथें घराघरांतून चालतो, हेंही ध्यानांत घ्यावें. चंग सो-यंगची मुलगी किम हे-जंग ही राष्ट्रीय संघांतून दुहेरी खेळूं लागली. १९९६ सालीं गिल यंग-आ हिनें किम डोंग-मून यांच्यासह मिश्र दुहेरीचें सुवर्ण मिळविलें होतें. तिचा मुलगा किम वोन-हो यानें पॅरिसला त्याच प्रकारांत रौप्यपदक घेतलें. गिलनंतर किम डोंग-मून यांची जोडीदारीण झालेली रा क्युंग-मिन ही १९९९ व २००३ सालीं त्यांच्यासह जगज्जेती ठरली. तरी सिडनी व अथेन्स या दोन्ही ऑलिंपिकांत ही जोडी उपान्त्यपूर्व फेरींतच गळाली. पुढें दोघें विवाहबद्ध झालीं.

२०२५ च्या जानेवारींत संघटनेच्या अध्यक्षाची निवडणूक झाली, तींत हेच किम डोंग-मून निवडून आले. आन राष्ट्रीय संघांतच राहिली, आणि त्या एका वर्षांत तिनें अकरा स्पर्धा जिंकल्या.