निळा सदरा, साडेचार!

1990 च्या सुमारास मी सोलापुरात बी. ए. करत होतो आणि संध्याकाळी एसटी स्टँडजवळच्या एका हॉटेलात वेटर होतो. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटला निघालेले भाविक, ड्रायव्हर-कंडक्टर, यंत्रमागावरचे कामगार, बाजाराला आलेले शेतकरी, सगळे तिथं टेकायचे. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांत मी शिव्या खाल्ल्या. कवीला शब्दसंग्रह लागतो. माझा तिथं झाला.

तेव्हा आमच्याकडं छापील बिल नव्हतं. गिऱ्हाईक उठलं की आम्ही गल्ल्याकडं तोंड करून ओरडायचो, "निळा सदरा, साडेचार!" तुम्ही आम्हाला 'ए बारक्या' म्हणायचा, आम्ही तुम्हाला 'निळा सदरा'. वरवर बघता फिटंफाट. पण तुमचा निळा सदरा दाराबाहेर पडला की संपायचा. आमचं बारकेपण रात्री अकरापर्यंत चालायचं.

वेटर हा मधला माणूस. भजी तळायला आचाऱ्यानं उशीर केला, बोलणी वेटरला. आमटी खारट झाली, बोलणी वेटरला. कप फुटला तर पगारातून पैसे कापले जात. गिऱ्हाईकाला भट्टी दिसत नाही, समोर मीच दिसतो. त्या रागाचं मला फार लागायचं. गाडी सुटायची वेळ, पोटात भूक आणि खिशात मोजके पैसे, यातून तो राग येतो, हे पुढं कळलं.

टिपेवरून माणूस ओळखता येतो म्हणतात. मला तसा अनुभव नाही. टिप ठेवणारे बरेचसे घाईत असत, सुट्यांसाठी थांबत नसत. माणूस कळायचा तो मागं टेबलावर काय ठेवून गेला त्यावरून. कुणी कपातच बिडी विझवायचा. कुणी ताटात हात धुवायचा. त्यात उर्मटपणा नसे, घरची सवय असे, पण ते भरलेलं ताट मोरीपर्यंत नेताना आमचे कपडे भिजत. एका म्हातारीनं मात्र सांडलेला चहा पुसायला माझ्याकडं फडकं मागितलं होतं. मी दिलं नाही. मालक ओरडतील ही भीती.

हॉटेलात मी 'राजू' होतो. पहिल्याच दिवशी मालक म्हणाले, "घरचं नाव घरी. इथं कुणी विचारलं तर राजू." माणूस वाईट नव्हता, गिऱ्हाईक बिचकू नये एवढाच त्यांचा हिशेब. फी भरायची होती. मी मुकाट्यानं राजू झालो.

एक निवृत्त मास्तर रोज सातला चहाला येत. एकदा त्यांनी विचारलं, "नाव काय रे तुझं?"

"राजू."

"हॉटेलातलं नव्हे, घरातलं."

गल्ल्याकडं बघत मी हळूच सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भर गर्दीत त्या नावानं हाक मारली. शेजारच्या टेबलावरच्या एकानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि मी ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासाला हात लावला नाही. मालक नोटा मोजत राहिले. माझी नोकरी गेली नाही. तरी त्या हॉटेलात मला माझ्या नावानं हाक मारणारे शेवटपर्यंत मास्तर एकटेच.

आता काळ बदलला. 2006 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात कामाला ठेवायला बंदी आली. बिलात सेवाशुल्क परस्पर लावू नका, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. म्हणजे वेटरसाठी काही ठेवायचं की नाही, ही गिऱ्हाईकाची मर्जी. पण त्याला हाक कशी मारायची, याचा कायदा नाही.

मध्यंतरी मी मुलीला घेऊन पुण्यात एका हॉटेलात जेवायला गेलो. ताट यायला उशीर झाला आणि मी वेटरकडं बघून चुटकी वाजवली. हो, मीच.

मुलगी हळू आवाजात म्हणाली, "अब्बा, त्याच्या शर्टावर नाव लिहिलंय."

मी ते वाचलं, नावानं हाक मारली आणि चुकलं म्हणालो.

"काही नाही, साहेब," तो म्हणाला.

हे 'काही नाही, साहेब' मी स्वतः शेकडो वेळा म्हटलेलं आहे. त्याचा अर्थ मला ठाऊक आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)