दगडातले लोखंड

(ठाकूरद्वार येथे प्रौढांच्या वर्गापुढे केलेले भाषण)



इथून चालत तांबाकाट्याला गेलात, तर भांड्यांची दुकाने लागतात. तिथली लोखंडी कढई मुळात दगड होती. दगडाचे लोखंड झाले कसे?

तुम्ही म्हणाल, दगड तापवला, लोखंड बाहेर आले. पण नुसत्या तापवण्याने ते येत नाही.

कोयता पावसात राहिला की गंजतो. हवेतला प्राणवायू लोखंडाला चिकटतो, तोच हा गंज. लोहखनिज म्हणजे जमिनीतच गंजलेले लोखंड समजा. त्यातला प्राणवायू ओढून नेणारा कोणी तरी हवा. ते काम कोळसा करतो. तो उष्णता देतो आणि प्राणवायूही काढून घेतो.

ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यात नायकुंड नावाचे गाव आहे. तिथे १९७८ ते १९८० या काळात उत्खनन झाले. सुमारे २,७०० वर्षांपूर्वीची, लोखंड काढण्याची मातीची भट्टी सापडली.

अशा भट्टीत खनिज आणि लाकडी कोळसा भरीत. भात्याने वारा घालीत. दाट कोळशात हवा पुरत नाही, म्हणून कोळसा अर्धवट जळतो. त्यातून एक वायू निघतो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. तो खनिजातला प्राणवायू ओढून नेतो. मागे लोखंड उरते. मळी वितळून वाहते. लोखंड वितळायला सुमारे १,५३८ अंश उष्णता लागते. तेवढी त्या भट्टीत नसे. म्हणून लोखंडाचा सच्छिद्र गोळा मिळे. तो तापवून घणाने ठोकला की उरलेली मळी झडे.

जमशेदपूरला टाटांची झोतभट्टी १९११ साली पेटली. अशा मोठ्या भट्टीत कोक, चुनखडी आणि गरम हवेचा झोत वापरतात. लोखंड पाण्यासारखे वाहते. पण प्राणवायू ओढणारा वायू तोच!

आता घरातले बोलतो. थंडीत पेटती शेगडी आत ठेवून, दारे-खिडक्या लावून झोपू नका. हाच वायू तिथेही निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. निखाऱ्याला धूर नाही, म्हणून आपण निर्धास्त राहतो. हा वायू रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवतो. माणूस झोपेतच दगावतो. डोके दुखले, चक्कर आली, मळमळले, तर लगेच मोकळ्या हवेत या. इतरांनाही बाहेर काढा आणि दवाखाना गाठा.

भट्टीत हा वायू आपला चाकर आहे. बंद खोलीत तो वैरी आहे. तुम्हाला आता वाचता येते. हा धडा घरी सर्वांना वाचून दाखवा.