बंदीचा काळ आणि घरट्याची जागा



समुद्रापासून दूर असलेल्या खानदेशात मासेमारीवरील निर्बंध आणि जलपक्ष्यांची वीण हा विषय अध्यक्षीय भाषणासाठी घेतला जातो, याचे कारण तापीच्या पात्रातच आहे. मासेमारीची बंदी माशांच्या विणीचे पंचांग पाहून आखली जाते. पक्ष्याच्या विणीला मात्र योग्य काळाइतकीच निर्धोक जागाही लागते, आणि या दोन गरजांची सांगड घातल्याशिवाय बंदीचा लाभ घरट्यापर्यंत पोहोचत नाही, हे या भाषणाचे मुख्य प्रतिपादन आहे.

पक्ष्यांना चाऱ्यासारखे उपयोगी पडणारे, थव्याने राहणारे लहान मासे म्हणजे चारामासे. सात सागरी परिसंस्थांतील 14 पक्षिजातींच्या दीर्घकालीन नोंदी तपासून 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असे दाखवले, की चारामाशांचा साठा त्याच्या कमाल पातळीच्या सुमारे एक तृतीयांशाखाली गेला की पिलांची संख्या घटू लागते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यालगत 2000 मध्ये सँडईल या बारीक माशाची व्यापारी मासेमारी थांबवण्यात आली, तेव्हा त्या बंदीचा लाभ किटिवेक या कुरव कुळातील पक्ष्याच्या विणीत दिसला, परंतु खोल बुडी मारणाऱ्या पक्ष्यांत तसा स्पष्ट फरक आढळला नाही. कारण किटिवेक पाण्याच्या पृष्ठभागालगतचेच मासे टिपतो आणि ते दुर्मीळ झाले की त्याला दुसरा आधार राहत नाही. पक्षी कसा आणि कुठे खातो, यावर बंदीचे फळ अवलंबून असते, हा त्यातील धडा होय.

महाराष्ट्रात 1981 च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाच्या आधारे 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारी करता येत नाही. कोकण किनाऱ्यावर गर्दी करणारे बहुतेक कुरव हिवाळी पाहुणे असल्याने या बंदीशी त्यांच्या विणीचा थेट संबंध येत नाही. मात्र वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर, जिथे पक्षितज्ज्ञ ए. ओ. ह्यूम 1875 मध्ये जाऊन आले होते, सुरय पक्षी घरटी करतात, आणि त्यांच्यासाठी आसपासच्या पाण्यातील बारीक माशांच्या थव्यांइतकेच बेटांवरील निवांतपणाचे मोल आहे.

हेच सूत्र तापीला लावून पाहावे. नदी सुरय हा पिवळ्या चोचीचा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी वरून सूर मारून पृष्ठभागालगतचे लहान मासे पकडतो, म्हणजे त्याची अन्नाची रीत किटिवेकच्या जवळची आहे, आणि 2020 पासून जागतिक पातळीवर त्याची गणना असुरक्षित जातींत होते. हा पक्षी पावसाळ्यात नव्हे, तर भर उन्हाळ्यात, नदी आटून वाळूची बेटे उघडी पडली की त्यांवर साध्या खळग्यात अंडी घालतो. भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांपलीकडे जातो, त्या दिवसांत पालक पक्षी अंड्यांवर सावली धरतात, पोटाची पिसे पाण्यात भिजवून अंड्यांना गारवा देतात. अशा वेळी बेटावर नाव लागली, जाळी वाळत पडली किंवा कुत्री फिरली, तर पालक उडून जातात आणि तापलेल्या वाळूत अंडी निकामी होतात. पिलाला भरवण्यासाठी बोटभर मासाच लागत असल्याने अतिबारीक आसाच्या जाळ्याने उपसलेले पोर-मासे हा त्याच्याच घासातला वाटा असतो. समुद्रातल्यासारखी पावसाळी बंदी नदीतल्या माशांसाठी आवश्यक असली, तरी उन्हाळ्यातील या घरट्याला ती अपुरी पडते.

शिवाय दोष केवळ जाळ्याचा मानणे अन्यायाचे ठरेल. चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाखालील हतनूर धरण आणि धुळे जिल्ह्यातील सुलवाडे बॅरेज यांनी शेतीला पाणी दिले. परंतु अशा बांधांमागे अडलेल्या पाण्यात वाळूची बेटे बुडतात आणि उन्हाळ्यात अचानक सोडलेले पाणी घरटी वाहून नेऊ शकते. म्हणून मत्स्यव्यवसाय, जलसंपदा आणि वन या तिन्ही खात्यांनी उन्हाळ्याच्या आरंभी एकत्र बसून मोजकी बेटे निश्चित करावीत, त्यांभोवती विणीपुरती जाळेबंदी ठेवावी आणि पाणी सोडण्याचे वेळापत्रक त्यानुसार जुळवावे. ही आखणी नदीवर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या भोई आणि कोळी बांधवांना विचारूनच व्हावी, बेटांची राखण त्यांच्याकडेच सोपवून तिचा मोबदला दिला जावा. कारण कोणत्या बेटावर सुरय उतरतो, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, आणि ज्याची चूल बंदीने विझते त्याच्याकडून बंदीच्या रक्षणाची अपेक्षा धरणे न्यायाचे नाही.

सर्व नदी बंद करण्याची ही मागणी नाही. उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांसाठी, वाळूच्या काही पट्ट्यांपुरता संयम एवढेच या पक्ष्याला लागते, आणि तेवढे देणे खानदेशाला निश्चितच शक्य आहे. या संमेलनाने तसा ठराव करावा, अशी विनंती करून अध्यक्षीय भाषण येथे पूर्ण होत आहे.