दसऱ्यानंतरचा हजेरीपट
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'आजची शाळा आणि तंत्रज्ञान'. मी संगणकात काम करते म्हणून तो माझ्या वाट्याला आला असावा. पण बीड जिल्ह्यातल्या शाळेविषयी बोलायचं तर तंत्रज्ञानाच्या आधी ऊसतोडीविषयी बोलावं लागतं. सर, तुमची परवानगी गृहीत धरते.

आपला वर्ग आठवा. जूनमध्ये एका बाकावर चौघं दाटीवाटीनं बसायचो. दसरा-दिवाळी झाली की बाकं ऐसपैस व्हायची. हजेरी घेताना गुरुजी काही नावं वाचायचे आणि मागून कुणीतरी ओरडायचं, "कारखान्याला गेलाय!" उन्हाळा तापला की ती मुलं परत यायची. तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असायची.

माझ्या शेजारी बसणारी एक मैत्रीण तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. तिचं नाव घेत नाही, कारण ती आज इथे नाही आणि तिला न विचारता तिची गोष्ट सांगते आहे. तोंडी हिशोबात ती आपल्या सगळ्यांच्या पुढे होती. तिला प्रत्येक पुस्तकाचा पहिला अर्धा भाग पक्का यायचा. पाचवीचा, सहावीचा, सातवीचा. दुसरं सत्र तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तेव्हा ती कुठल्यातरी फडावर धाकट्या भावाला सांभाळत असायची. आठवीत गणित असं आलं की त्याला मागच्या तिन्ही वर्षांचा दुसरा अर्धा भाग लागत होता. वर्गातल्या पोरांनी तिला 'ढ' म्हणायला सुरुवात केली. त्या दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. पुढच्या वर्षी लग्न झाल्याचं कळलं.

ही एकटीची गोष्ट असती तर आज सांगितली नसती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झाली होती. आपल्या बीड जिल्ह्यात हा आकडा ४३ टक्क्यांच्या पुढे आहे. याची कारणं अनेक आहेत. पण वयात आलेली मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची आणि फडावर उघड्या कोपीत कशी न्यायची, हा प्रश्न दर दसऱ्याला इथल्या आईबापांपुढे उभा राहतो, हे आपण सगळे जाणतो.

शहरात माझे सहकारी विचारतात, "मग हे लोक मुलांना घेऊन जातातच कशाला?" त्यांना मी हिशोब सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. ती घरदुरुस्तीला, दवाखान्याला, लग्नाला खर्च होऊन जाते. मग हंगामभर टनावारी ती फेडायची. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तरी तो टनाला साडेतीनशेच्या थोडा वरच गेला. दोघांनी पहाटेच्या अंधारात सुरुवात करून दिवसभर राबावं तेव्हा दीड-दोन टन ऊस तुटतो. अशा घरात दहा वर्षांच्या पोरीनं धाकट्याला सांभाळलं, पाणी आणलं, वाढ्यांच्या पेंढ्या बांधल्या, तर आईचा हात कोयत्यावर राहतो. यात आईबापांची माया कमी नाही. उचल फिटायची कशी, एवढाच प्रश्न आहे.

आता थोडं माझ्याविषयी, कारण तुलनेला ते लागतं. माझे वडील बँकेत होते. दर तीन-चार वर्षांनी बदली. या शाळेत येईपर्यंत मी तीन शाळा बदलल्या होत्या. म्हणजे स्थलांतर माझंही झालं. पण प्रत्येक वेळी मेमध्ये झालं, दाखला हातात होता, आणि जूनमध्ये नव्या गावच्या बाईंनी मला पहिल्या दिवशी बाकावर बसवलं होतं. पुढे कंपनीनं मला दोन वर्षांसाठी जर्मनीत पाठवलं. मुलगा सात वर्षांचा होता, त्याला तिथली भाषा अजिबात येत नव्हती. शाळेनं त्याला आधी परदेशातून आलेल्या मुलांच्या भाषावर्गात घातलं आणि मग हळूहळू मुख्य वर्गात नेलं. तिथे कोणी त्याला 'ढ' म्हटलं नाही. गाव मीही सोडलं आणि माझ्या मैत्रिणीनंही. मला प्रत्येक वेळी पलीकडे घ्यायला कोणीतरी उभं होतं. तिला कोणी नव्हतं.

"आता कायदा आहे ना?" असं कोणी म्हणेल. आहे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांना शाळेत घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. पण फडावरचं वास्तव बघा. बैलगाडीवाल्या टोळ्या कारखान्याजवळ मुक्काम करतात, म्हणून तिथे साखरशाळा चालू शकते. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या मात्र ऊस संपेल तशा या गावातून त्या गावात सरकतात. आज वाळव्यात, पंधरा दिवसांनी कऱ्हाडकडे. टोळी बेळगावकडे गेली तर तिथली जवळची शाळा कन्नड असते. कायद्यानं दार उघडलं, पण दारापाशी पोचेपर्यंत टोळी पुढच्या गावाला निघालेली असते.

इथे माझं क्षेत्र येतं. गेल्या महिन्यात आपल्या गटावर तिघांनी मला लिहिलं, "तू एक अ‍ॅप करून दे ना." राज्यात 'सरल' प्रणाली आहे, प्रत्येक मुलाला क्रमांक आहे, मुलाची नोंद एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाऊ शकते. हे चांगलंच आहे. पण माझं रोजचं काम नोंदींचंच असल्यामुळे ठामपणे सांगते, नोंद पुढे गेली म्हणजे मूल पुढे गेलं असं होत नाही. कोणत्या मुलाचं कोणतं सत्र बुडालं, हे संगणक सांगू शकेल. तो बुडालेला भागाकार शिकवायला आणि रात्री आईच्या आठवणीनं रडणाऱ्या पोराजवळ बसायला माणूसच लागतो.

म्हणून माझं मत असं झालं आहे की या मुलांना गावातच ठेवता येणं हा सगळ्यात बरा मार्ग आहे. त्यासाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना बऱ्याच वर्षांपासून आहे. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं दहा जिल्ह्यांतल्या ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झाली, तीही मोलाची आहेत. पण वस्तीवरच्या लहान पोरांचं काय होतं, ते मी मागच्या डिसेंबरात आपल्याच तालुक्यातल्या एका शाळेत जाऊन पाहिलं. वीस-बावीस मुलं होती. दोन वेळचं जेवण शाळेत, झोपायला आजी-आजोबांकडे. ज्यांना आजी नाही ती शेजारी. तिथल्या गुरुजींनी एक गोष्ट सांगितली, ती जशीच्या तशी सांगते.

ते म्हणाले, "ताई, मुकादमाची गाडी ज्या दिवशी येते त्या दिवशी बाप मला एकच विचारतो, गुरुजी, जेवण सुरू झालं का? मी हो म्हणालो तर पोरगं इथं राहतं. होईल आठ दिवसांत म्हणालो तर ते गाडीत बसतं. मग अनुदान येऊन काय उपयोग?" त्या वर्षी त्यांनी किराणा दुकानातून उधारीवर तांदूळ-डाळ उचलली आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चूल पेटवली. त्यामुळे ती मुलं मला तिथे दिसली.

मित्रांनो, आपल्या तुकडीनं या मेळाव्यानिमित्त निधी जमवला आहे. त्यातून शाळेला आपल्या तुकडीच्या नावाची कमान बांधून द्यावी असा प्रस्ताव आहे. शाळेवरच्या प्रेमातूनच तो आला आहे आणि ज्यांनी मांडला त्यांच्याविषयी मला आदर आहे. तरी माझी विनंती आहे की कमान थोडी थांबू द्या. या निधीतून तीन गोष्टी करू या. आपल्या शाळेला मुलं पाठवणाऱ्या दोन वस्त्यांवर दसरा ते दिवाळीनंतरचा एक महिना जेवणाचा खर्च आपण आधी उचलायचा. अनुदान आलं की शाळा व्यवस्थापन समितीनं तो पुढच्या वर्षासाठी परत ठेवायचा. दुसरं, गावातल्याच एखाद्या मावशींना मानधन देऊन संध्याकाळी मुलींसोबत राहायला सांगायचं. तिसरं, एप्रिल-मेमध्ये फडावरून परत आलेल्या मुलांसाठी सहा आठवड्यांचा वर्ग. त्यात फक्त दुसऱ्या सत्राचं शिकवायचं. आपल्यात सात शिक्षक आहेत, मी मोजले आहेत. पहिल्या उन्हाळ्यात गणिताचे दोन आठवडे मी स्वतः येऊन घेईन.

हिशोब दर महिन्याला आपल्या गटावर टाकण्याचं काम माझं. त्यासाठी अ‍ॅप लागणार नाही, एक वही पुरेल.

बाई, सर, तुम्ही दरवर्षी एप्रिलमध्ये परत आलेल्या मुलांना शाळा सुटल्यावर थांबवून शिकवायचात. तेव्हा आम्हाला वाटायचं, त्यांना शिक्षा झाली आहे. तुम्ही जे एकट्यानं करत होतात, ते आता आम्ही चाळीस जण मिळून करू शकतो. दुपारच्या बैठकीत निधीचा विषय येणार आहे. दसऱ्याला अजून चार महिने आहेत. निर्णय आज झाला, तर या वर्षी गाडी येईल तेव्हा त्या गुरुजींना "हो" म्हणता येईल.