चार चाकांवरची खोली
(रौप्यमहोत्सवी समारंभात सभासदांसमोर केलेले भाषण)



आपल्या चार मुलांना लष्कराच्या लिलावातला जुना फोर-व्हील ट्रक घ्यायचा आहे. त्यावर झोपण्यापुरती खोली बांधून तोरणमाळ, धडगाव, मोलगी फिरायचा बेत आहे. मागच्या सभेत यावरून बराच गलका झाला. "हे धूड उभं कुठे करणार?" गॅरेजमध्ये माझी चाळीस वर्षं गेली, म्हणून सचिवांनी आज मलाच उभं केलं.

शक्तिमान ट्रक जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर, आणि वन-टन व जोंगा जपानच्या निसानच्या परवान्यावर आपल्याच जबलपूरला बनले. चारही चाकांना जोर, शिडीसारखी जाड चासी, खाली पाटे. 'लो' गियर टाकला की चढावर मुंगीसारखी, पण न थांबता चढणारी गाडी. माझं मत विचाराल तर वन-टन घ्यावा. शक्तिमान घाटातल्या वळणांना मोठा पडतो, आणि जोंग्यात पाय पसरून झोपता येत नाही.

आता खोली. खडकाळ वाटेवर चासी पिळते. खोली चारही कोपऱ्यांत कडक बोल्टांनी आवळली, तर दोन-चार फेऱ्यांत तिचे सांधे उकलतात. म्हणून जाणते कारागीर ती तीन ठिकाणी टेकवतात. एका टोकाला दोन पक्के आधार, दुसऱ्या टोकाला मधोमध एकच, तोही फिरता. चासी पिळली तरी खोली सरळ राहते.

मग वजन. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. १०० लिटरची टाकी म्हणजे दीड माणूस! ती खाली, दोन्ही एक्सलच्या मध्ये बसवा. टपावर जड सामान नको, घाटाच्या वळणावर गाडी कलते. गादी, शेगडी, दोन डबे, बस्स. बाकी संसार घरी ठेवायचा.

कागद सगळ्यात आधी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मूळ गाडीत मनमानी फेरफार चालत नाहीत. आधी आरटीओत विचारा, परवानगी मिळत असेल तरच कापाकापी करा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. लिलावाचे कागद अर्धवट असतील तर गाडी कितीही देखणी असो, हात लावू नका.

आणखी एक. सातपुड्यात फोर-व्हील ही हौस नाही, गरज आहे. काही पाड्यांवरून आजही आजाऱ्याला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तेव्हा पोरांनो, पलंग असा करा की वेळ पडली तर त्यावर पेशंट आडवा नेता येईल. मुक्काम पाड्यावर विचारूनच करा, आणि कचरा परत घेऊन या.

एवढं पाळणार असाल, तर बोअरवेलमागची मोकळी जागा तुम्हाला द्यावी, असा ठराव मी स्वतः पुढच्या सभेत मांडतो. अट एकच. पहिल्या फेरीला आम्हा म्हाताऱ्यांना तोरणमाळला न्यायचं. चहा-फराळ आमच्याकडून!